एअर, पत्रा आणि पुत्रेष्टी

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वेदांच्या प्रामाण्यावर एक रोखठोक आक्षेप नोंदवला आहे. पुत्रप्राप्तीसाठी इष्टी सांगितली, यजमानाने ती केली आणि मुलगा झाला नाही. मग ते वचन खोटे का म्हणू नये? सूत्रकारांचे उत्तर असे की वचन खोटे नाही, कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काही उणीव राहिली असेल. विधी चुकला असेल, करणारा अपात्र असेल, द्रव्य बिघडलेले असेल. आजच्या वाचकाला यात सरळ पळवाट दिसते. पण अगदी हेच उत्तर गॅरेजात रोज दिले जाते आणि तिथे ते पुष्कळदा खरे ठरते. हायड्रॉलिक क्लचमधली एअर काढूनही पेडल मऊच राहिले तर मिस्त्री आपले निदान मागे घेत नाही; ‘एअर पूर्ण निघाली नाही, परत काढू’ म्हणतो. एकाच साच्याचे उत्तर एका ठिकाणी लबाडी आणि दुसऱ्या ठिकाणी शहाणपण ठरत असेल तर दोष साच्याचा नसणार. तो कशाचा हे शोधायला जुन्या पिकअपचा क्लच यज्ञमंडपापेक्षा सोयीचा आहे. तिथे कुणाची श्रद्धा दुखावत नाही आणि गुंतलेले भाग मोजके असतात. माझे म्हणणे असे, की फळ मिळाले किंवा मिळाले नाही एवढ्यावरून कारणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. फळाची साक्ष चालते ती दोन अटींवर: कोणते फळ दिसले तर आपले म्हणणे पडेल हे आधी ठरलेले हवे, आणि साधनातली उणीव फळाकडे न पाहता तपासता यायला हवी.

उदाहरणासाठी अमेरिकेतला फोर्डचा एफ-मालिकेतला पिकअप घेऊ, १९८० ते १९९६ या काळात विकल्या गेलेल्या बांधणीचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून या गाड्यांना हायड्रॉलिक क्लच आला. पेडल दाबले की एक दांडी मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते; हा मास्टर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर, बोल्टांनी बसवलेला असतो. ब्रेक ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरकडे जाते, स्लेव्ह रिलीज बेअरिंगला सरकवतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगर दाबते आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून सुटते. हा सगळा कारभार पास्कलच्या नियमावर चालतो: बंदिस्त द्रवाला एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. द्रव जवळजवळ दबतच नाही, म्हणून पायाची हालचाल बेअरिंगपर्यंत जाते. हवा दबते, म्हणून नळीत बुडबुडा असला की त्या हालचालीतला काही भाग तोच खाऊन टाकतो. एकंदर हिशेब जोराचा कमी आणि अंतराचा जास्त आहे. बेअरिंग पुरेसे सरकले नाही तर प्लेट पूर्ण सुटत नाही, गिअर कचकचतो, रिव्हर्स पडत नाही, क्लच दाबून धरलेला असताना गाडी पुढे रांगते. पण अंतर कुठे हरवले ते या लक्षणांवरून कळत नाही. मास्टरमधला रबरी सील झिजून ऑइल मागच्या मागे टाकीत परतत असेल, आणि अशा वेळी बाहेर थेंबही दिसत नाही. स्लेव्ह गळत असेल. नळीत एअर असेल. पेडलच्या दांडीचा बुश झिजला असेल. प्लेटच वाकली असेल किंवा पायलट बेअरिंग शाफ्टला धरून ठेवत असेल, म्हणजे ऑइलचा यात काही संबंधच नसेल. शिवाय या बांधणीची एक खास खोड आहे ती फायरवॉलची. वर्षानुवर्षे दाब सोसून मास्टरच्या बोल्टांभोवती पत्र्याला चिरा पडतात, मग पेडल दाबले की दट्ट्या आत जायच्या ऐवजी अख्खा मास्टर पत्र्यासकट पुढे जातो. ऑइल स्वच्छ, सील नवे, आणि पायाची मेहनत पत्रा वाकवण्यात खर्च!

कारणे इतकी आणि लक्षण एकच असले की खऱ्या निष्कर्षाला चुकीच्या वाटेनेही पोचता येते. १९८८ मध्ये आलेल्या माझ्दाच्या रचनेच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सला, जो एफ-१५० मध्ये बसवला जाई, स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आत शाफ्टभोवतीच असतो. तो नुसता पाहायचा म्हटला तरी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्याच काळातल्या झेडएफ गिअरबॉक्सच्या जड गाड्यांना तो बाहेरच्या बाजूला असल्याने हा त्रास नाही. आता एफ-१५० च्या बेल हाउसिंगखाली थेंब पडलेला दिसतो आणि मिस्त्री म्हणतो, स्लेव्ह गळतोय. गिअरबॉक्स उतरतो, स्लेव्ह खरोखरच गळका निघतो. पण खाली पडलेला थेंब होता इंजिनच्या मागच्या सीलमधून आलेल्या ऑइलचा. स्लेव्हमधले ब्रेक ऑइल अजून आतल्या धुळीतच जिरत होते. निदान खरे, पुरावा खोटा. आठव्या शतकातला बौद्ध पंडित धर्मोत्तर याने नेमका असाच प्रसंग कल्पिला होता. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण वासाने किड्यांचा थवा घोंगावतो आहे. दूरचा माणूस त्या थव्याला धूर समजतो आणि तिथे अग्नी आहे असे म्हणतो. अग्नी आहेच. पण त्या माणसाला ते कळले असे म्हणायचे का? बाराव्या शतकात श्रीहर्षाने मिटलेल्या मुठीत किती कवड्या आहेत हे अंदाजाने बरोबर सांगणाऱ्या जुगाऱ्याला याच पंक्तीत बसवले. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या कोड्याची मोठी चर्चा १९६३ मध्ये एडमंड गेटियरच्या तीन पानी लेखाने सुरू झाली, आणि अजून ती पुरती शमलेली नाही.

उलट बाजूने, काही दिसत नाही यावरून काही नाही असे ठरवणेही तितकेच धोक्याचे. टाकीतली ऑइलची पातळी उतरत नाही म्हणून गळती नाही, हे बहुतेक वेळा बरोबर असते. पण क्लच प्लेट झिजत जाते तशा फिंगर बेअरिंगच्या बाजूला येतात, स्लेव्हचा दट्ट्या मागे रेटला जातो आणि तेवढे ऑइल टाकीत परत चढते. बारीक गळती या चढाच्या आड सहज लपते. न दिसणे हा पुरावा तेव्हाच ठरतो, जेव्हा गोष्ट असती तर ती नक्की दिसली असती असे म्हणता येते. अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनी ही अट घातलेली आहे आणि ती टाकीच्या झाकणाशी वाकलेल्या माणसालाही लागू आहे.

आता यशाकडे वळू. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्याची सुरुवातच या मुद्द्याने होते की प्रमाणाने वस्तू कळली की त्यावर केलेली कृती यशस्वी होते, आणि म्हणून प्रमाण सार्थ. पाणी दिसले, गेलो, तहान भागली, म्हणजे ते मृगजळ नव्हते. नैयायिकांनी यशस्वी प्रवृत्तीला ज्ञानाच्या खरेपणाची खूण मानले ते या आधारावर, आणि तहानेच्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे. क्लचच्या बाबतीत मात्र खूण फसवी निघते. मास्टर बदलला आणि पेडल कडक झाले, म्हणून मास्टर गेला होता असे मालकाला सांगितले जाते. पण मास्टर बदलायचा तर ऑइल सांडते, नवे भरावे लागते, एअर काढावीच लागते. दोष एअरचा असता तर ती याच कामात निघून गेली असती. नव्या मास्टरबरोबर दांडीचा बुशही बऱ्याचदा नवा येतो. बुशाने खाल्लेले चार-दोन मिलिमीटर तिथे परत मिळाले असतील. फायरवॉलचे बोल्ट नव्याने आवळले गेले, त्यामुळे सैल पत्रा काही महिन्यांपुरता ताठ झाला असेल. न्यायशास्त्रात याला उपाधी म्हणतात. अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही, ओले सरपण असेल तर असतो. ओलेपण बाजूला काढून पाहिल्याशिवाय धुराचे श्रेय नुसत्या अग्नीला देता येत नाही. इथे एअर काढणे, बुश आणि आवळलेले बोल्ट अशा तीन-तीन उपाधी मास्टर बदलण्याला चिकटलेल्या आहेत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असे आपण म्हणतो तेव्हा निदान कावळा आणि फांदी वेगवेगळे दिसतात. गॅरेजात मात्र फांदी हलवणारे चौघे एकाच हाताने, एकाच दुपारी येतात. वात्स्यायनांच्या कसोटीत म्हणून दुरुस्ती हवी. कारणाबद्दल बोलायचे असेल तर नुसते यश पुरत नाही. प्रतिस्पर्धी कारण खरे असते तर जे यश मिळालेच नसते, तेच मोजायचे.

असे यश मुद्दाम घडवून आणता येते, आणि एकही भाग विकत न घेता. आत बसवलेल्या स्लेव्हला नळी जिथे जोडली जाते तो जोड सोडवला की त्याच्यातली झडप आपोआप बंद होते. आता ऑइलला जायला वाटच नाही. पेडल दाबण्यापूर्वी अपेक्षा मांडून ठेवता येतात. मास्टर, नळी, बुश आणि पत्रा सगळे धड असेल तर पेडल दगडासारखे लागले पाहिजे. मग दोष जोडाच्या पलीकडे, म्हणजे स्लेव्हमध्ये किंवा प्लेटकडे. ते सावकाश खाली बसत गेले तर सील ऑइल मागे सोडतो आहे. स्प्रिंगसारखे दबून पाय काढताच उसळले तर हवा. इथे एक मेख आहे: चिरलेला पत्राही स्प्रिंगसारखाच दबतो आणि उसळतो. तेवढ्यापुरते एअर आणि पत्रा यांचे फळ अगदी एक आहे आणि पायाला त्यांतला फरक कधीच कळणार नाही. तो डोळ्यांनी कळतो. एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून मास्टरकडे पाहायचे. मास्टरचे अंग पुढे-मागे होत असेल तर नळीतून कितीही ऑइल सोडा, उपयोग नाही. नैयायिक ज्याला व्यतिरेक म्हणतात, म्हणजे कारण नसताना कार्य नसणे, ते इथे आपण ठरवून उभे करतो. अन्वय, म्हणजे कारण असताना कार्य असणे, गॅरेजात फुकट मिळतो आणि भुलवतो. व्यतिरेकासाठी थांबावे लागते, जोड सोडवावा लागतो आणि आपण चुकलो हे कळायची तयारी ठेवावी लागते. बहुतेक निदाने नेमकी इथे तुटतात, कारण गिऱ्हाईक बाहेर उभे असते.

आता सूत्रकारांच्या उत्तराला न्याय देता येईल. साधनात उणीव राहिली असेल, हे विधान स्वतः वाईट नाही. फोर्डच्याच रेंजर या लहान पिकअपमध्ये मास्टर फायरवॉलवर असा तिरका बसतो की हवेचा बुडबुडा त्यातच अडकून राहतो आणि खालच्या निपलमधून भांडेभर ऑइल सोडले तरी हलत नाही. तिथे ‘एअर पूर्ण निघाली नाही’ हे अगदी खरे असते, आणि ते खरे आहे हे पेडल पुन्हा न दाबताही दाखवता येते: मास्टरचा कल डोळ्यांना दिसतो, तो खोलून बाकावर कल बदलून एअर काढली की बुडबुडे टाकीत वर येताना दिसतात. उणिवेचा पुरावा फळाहून वेगळा आहे. पुत्रेष्टीच्या उत्तरात हाच सांधा निखळलेला आहे. कर्मात उणीव होती हे कशावरून? मुलगा झाला नाही यावरून. मंत्रांचा उच्चार, द्रव्याची शुद्धी, कर्त्याची पात्रता हे सगळे विधीच्या आधी तपासून, लिहून ठेवून, त्यात खोट नाही असे मान्य झाल्यावरही फळ आले नाही, तर काय म्हणायचे हे त्या उत्तरात सांगितलेले नाही. कर्ता अपात्र असेल असे नंतर कधीही म्हणता येते, आणि जे कधीही म्हणता येते ते कशानेच खोडता येत नाही. न्यायदर्शनाबद्दल आदर असूनही मला या जागी ते दर्शन स्वतःच्याच शिस्तीला उणे पडलेले वाटते. पूर्वपक्ष इतक्या प्रामाणिकपणे मांडणाऱ्यांनी उत्तरपक्षात एवढी ढिलाई चालवून घ्यावी, याचे नवल वाटते.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की मालकाला गाडी चालायला हवी आहे; कारण कळले काय आणि न कळले काय. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला गंमत म्हणून पास्कलचाच आधार देता येतो. द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ, जो १६६३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला, आणि ईश्वराच्या अस्तित्वावरची प्रसिद्ध पैज, दोन्ही त्याच माणसाची. पैजेचा गाभा असा की खरे काय ते ठरवता येत नसले तरी वागायचे कसे ते ठरवता येते, नफा-नुकसान तोलून. गिअरबॉक्स एकदा उतरवल्यावर स्लेव्ह, प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकदमच बदलणारा मिस्त्री हीच पैज लावतो. भागांची किंमत गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याच्या मजुरीपुढे किरकोळ असते, तेव्हा हा निर्णय शहाणपणाचाच आहे. पण सगळे एकदम बदलताना आपण कारण जाणून घेण्यावर पाणी सोडतो, आणि हे सोडणे ध्यानात ठेवायला हवे. पाच भाग बदलून क्लच सुधारला की पाचांपैकी कुठला गेला होता ते आता कळणार नाही. तरी बिल हातात देताना स्लेव्हच गेला होता असे ठासून सांगितले जाते. पास्कलने पैजेला सिद्धता म्हटले नव्हते. तिच्या आधारे जगून नंतर आपल्याला सिद्धता मिळाली असे म्हणणारे मात्र पुष्कळ भेटतात, धर्मात आणि गॅरेजात.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो श्रीहर्षाचा म्हणता येईल. कुठलीच कसोटी निखळ नसते. जोडातली झडप नीट बंद झाली हे गृहीत, पेडलची दांडी शाबूत हे गृहीत, पाहणाऱ्याची नजर बरोबर हे गृहीत. पियेर द्युएमने १९०६ मध्ये भौतिकशास्त्राबद्दल हेच मांडले: प्रयोग एकट्या गृहीतकाला खोटे पाडत नाही, साऱ्या गठ्ठ्याला धक्का देतो, आणि गठ्ठ्यातले काय टाकायचे ते प्रयोग सांगत नाही. मग पुत्रेष्टीवाल्यांना साधनाची उणीव पुढे करायला बंदी आणि मिस्त्रीला सवलत, हा पंक्तिप्रपंच नव्हे का? नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत अशा शंकेला एक मर्यादा घातली होती. धुराला अग्नी लागतोच असे नाही अशी शंका घेणारा स्वतः धूर हवा असला की अग्नीच पेटवतो. कृतीशी विरोध आला की शंका थांबली पाहिजे. श्रीहर्षाने उदयनांचेच शब्द थोडे फिरवून त्यांच्यावर उलटवले: विरोध आहे असे म्हणायला आधी शंका मानावी लागते, मग विरोध शंकेला थांबवणार कसा? निव्वळ तर्काच्या आखाड्यात श्रीहर्षाची पकड मला सुटलेली दिसत नाही. पण मिस्त्रीला ती सोडवायची गरज नाही. झडप बंद झाली की नाही ही शंका त्याला आलीच तर तिलाही एक तपासणी आहे: झडपेच्या तोंडाशी ऑइल ठिबकते का ते पाहायचे. त्या तपासणीवर शंका आली तर पुढची. साखळी अनंत असेल, पण तिची कुठलीही एक कडी मागितली की हातात येते. सवलत मिस्त्रीला म्हणून दिलेली नाही, या मागता येण्यामुळे दिलेली आहे. कर्त्याच्या अपात्रतेची कडी मागितली की हातात पुन्हा तेच न झालेले मूल ठेवले जाते.

भक्ताचा आक्षेप याहून वेगळा आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. तो म्हणेल, देव हे काही क्लचचे कारण नव्हे. मी त्याच्यापाशी जातो ते फळासाठी नाही, मग फळाच्या कसोटीचा मला काय उपद्रव? खरोखर तसे असेल तर हा लेख त्याच्याविषयी नाही. वारकरी परंपरेत फळाच्या देवघेवीबद्दल पुरेसा तिटकारा आहे. नवसाने मुले होतात या समजुतीची तुकोबांनी जितकी तिखट खिल्ली उडवली तितकी नास्तिकांनाही जमलेली नाही. पण फळाची आशा सोडल्याचे सांगणाऱ्याने फळ पुरावा म्हणूनही सोडायला हवे. नवस फळला की देव पावला आणि नाही फळला की आपली भक्ती कमी पडली, असे बोलणारा माणूस देवाला कारणच मानतो, फक्त त्याची तपासणी होऊ देत नाही. त्याच्याजवळ एक शेवटचा, आणि सगळ्यांत सभ्य, आधार उरतो तो आप्तवाक्याचा. न्यायसूत्रे वेदांच्या बाजूने मंत्र आणि आयुर्वेद यांचा दाखला देतात: ज्या आप्तांचे सांगणे दृष्ट गोष्टींत खरे ठरते, त्यांचे अदृष्टातही मानावे. आपणही वागतो असेच. बेल हाउसिंगच्या आत काय आहे ते बहुतेक मालक जन्मात पाहत नाहीत, ज्याची आधीची निदाने बरोबर निघाली त्या मिस्त्रीचा शब्द घेतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ती आधीची निदाने कोणत्या जातीची होती ते विचारावे लागते: जोड सोडवून, पत्रा पाहून केलेली, की पाच भाग बदलून झाल्यावर सांगितलेली. औषधानंतर उतरलेल्या तापालाही हाच प्रश्न लागू होतो, कारण पुष्कळ ताप औषधाविनाही उतरतात आणि वैद्याची कीर्ती त्यांवरही वाढते. शिवाय गिअरबॉक्सच्या आतले आज न दिसणारे उद्या तो उतरवल्यावर दिसते, तेव्हा मिस्त्रीवर ठेवलेला विश्वास हा उसना असतो, तो फेडून घेता येतो. स्वर्गाबद्दलच्या वचनावर तसाच विश्वास ठेवायला कुणाची हरकत नसावी, पण दृष्टातल्या यशाची पत अदृष्टात वटवताना ही फेड गृहीत धरता येत नाही. तो वेगळा व्यवहार आहे आणि त्याचे समर्थन वेगळे शोधावे लागेल, मंत्र आणि आयुर्वेदाच्या दाखल्याने ते भागत नाही.